हळद लावलेली काफी

अमेरिकेतल्या लढाईपायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अकोल्यातली माणसं अर्धी वेडी झाली होती. माझे वडील पुरते झाले. माहेरच्या घरात बसायला जागा उरली नाही. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस. चिलीम ओढणारा पाहुणा आला की वडील त्याला रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेऊन बसवत.

त्या घरात मला चार दिवस मिळाले असते तर मी कापसावरसुद्धा आनंदानं झोपले असते. पण माझं सासर अमरावतीचं आणि सासूबाई कडक. सुनेला माहेरी स्वतः घेऊन यायचं, एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी छकड्यात बसवून परत न्यायचं, हा त्यांचा नियम. "तुमच्या घरी ठेवून पोरगी शिकन काय?" असं त्या माझ्या आईला तोंडावर विचारत. मला भयंकर राग यायचा. आई मात्र त्यांच्या पानात आणखी तूप वाढायची.

त्या खेपेला तिनं मनाशी ठरवलं होतं, विहिणीला खूश करायचं आणि पोरीला संक्रांतीपर्यंत ठेवून घ्यायचं. वडील नुकतेच मुंबईला जाऊन आले होते. तिथं एका व्यापाऱ्यानं त्यांना काफी पाजली आणि पुरचुंडीभर हिरवे दाणे बरोबर दिले. भाजायचे, कुटायचे, उकळायचे, एवढंच सांगितलं. साहेबलोकांचं पेय! विहिणीला पाजायला याहून मोठं काय असणार?

भाजण्यात आईचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. तिचे फुटाणे नावाजलेले. दाणा म्हणजे दाणा, म्हणून तिनं काफीलाही फुटाण्यांचीच रीत लावली. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी सासूबाईंच्या देखतच दाण्यांना मिठाहळदीचं पाणी लावून फडक्यात दडपून ठेवलं. सकाळी गोठ्यामागं तीन दगड मांडले, त्यांवर फुटक्या रांजणाचं बूड ठेवलं आणि त्यात मोर्णा नदीची वाळू तापवली. खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, जाळ. वडील ओलं तरट घेऊन प्रत्येक ठिणगीमागं धावत होते.

"अवं, हळू! घरात कापूस आहे!"

"मंग तुमीच भाजा," आई म्हणाली आणि वडील पुन्हा ठिणगीमागं गेले.

थोड्या वेळानं दाणे तडतडले. "फुटून राहिले!" आई हरखली. आता फुलतील, पांढरे होतील, म्हणून आम्ही दोघी खराट्याच्या काड्यांनी ढवळत वाट पाहत बसलो. ते फुलले नाहीत. काळे झाले, मग आणखी काळे झाले, आणि असा धूर उठला की शेजारचे लोक घागरी घेऊन कुंपणाशी आले. त्यांना परत पाठवताना वडिलांचा घसा बसला.

तरी आईनं ते चाळले, कुटले, दुधागुळात उकळले आणि पितळी पेल्यातून सासूबाईंपुढं ठेवले. मी एक घोट घेतला. खारट, कडू, आणि दाताखाली मोर्णा नदी. संपलं सगळं, मला वाटलं. छकडा दारात उभाच होता.

वडील म्हणाले, "मुंबईचे मोठे लोक हेच पेतात, इनबाई."

सासूबाईंनी पेला शांतपणे रिकामा केला. अकोल्यानं अमरावतीला काही नवं दाखवावं, हे त्यांना कसं खपणार?

"आमच्या घरी तं रोजच असते," त्या म्हणाल्या. "तुमची हळद जराशी कमी पडली."

आमच्या घरी रोज काफी! मी पदर तोंडावर धरला. आई मात्र हसली नाही. तिनं हात जोडले.

"मंग पोरीले येतच असन. मले कुठं धड जमते? ठेवा तिले संक्रांतीलोक, मले शिकवन."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. येत नाही म्हणावं तर त्यांची काफी खोटी, येते म्हणावं तर सून राहिली.

"येते मले," मी मान खाली घालून म्हणाले.

छकडा सासूबाईंना एकट्यांनाच घेऊन गेला. उरलेले दाणे आईनं फडताळात टाकले आणि पुन्हा काढले नाहीत. संक्रांतीपर्यंत मी जेव्हा जेव्हा कामाला हात लावायला चुलीकडे निघे, तेव्हा तेव्हा ती माझ्यापुढं खायला काहीतरी ठेवून म्हणे, "बस तिथंच. शिकून राहिली मी."