फिटलेल्या नवसाचं दुखणं

गावात पहिला मोबाईल टॉवर उभा राहिला त्या वर्षी माझा डावा डोळा अंधुक झाला. औरादचे डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात दाखवा. सासूबाईंनी बिरप्पा देवाला नवस बोलून माझ्या कपाळाला भंडारा लावला. तीन आठवड्यांत डोळा निवळला. बोकड कापला, भावकी जेवली. आमच्याकडं नवस फिटला की त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही. काढलं तर ते उलटतं म्हणे. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी मी, पण घरात सासूबाईंपुढं भिजलेलं मांजर. मीही नाव काढलं नाही.

दोन वर्षांनी डावा पाय बधिर झाला. चप्पल मागं निसटून राहायची आणि मला पत्ता नसायचा. सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी डोळ्याला, हाताला काही झालं होतं?"

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "न्हाई साहेब, कायबी न्हाई."

मी मुकाट मान डोलावली. डॉक्टरांना मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे मेंदूच्या नसांवर पुन्हापुन्हा झटके येणाऱ्या आजाराची शंका होती, पण एकाच झटक्यावरून ठरवता येत नाही म्हणाले आणि एमआरआय लिहून दिला.

डोकं जाळीत अडकवून मला नळीत सरकवलं. हलायचं नाही. मळणी यंत्रासारखा खडखडाट सुरू झाला. फोटोत काही दिसेल याची भीती होतीच. पण काही दिसलंच नाही तर मी खोटं बोलून तशीच घरी जाणार, याची जास्त होती.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "हे पांढरे डाग बघा. हा ताजा आहे. हे मात्र जुने. नीट आठवा."

सासूबाईंनी माझं मनगट आवळलं. "नगं गं. फिटलाय त्यो."

"दोन वर्षांपूर्वी डावा डोळा अंधुक झाला होता," मी म्हणाले. "तीन आठवडे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता इंजेक्शनं सुरू करू, पुढचे झटके कमी होतील, पण पाय पहिल्यासारखा होईलच असं सांगता येत नाही, म्हणाले.

"तवाच आणलं असतं तर, साहेब?" सासूबाईंनी विचारलं.

"तेव्हाच औषध सुरू करता आलं असतं."

बाहेर बाकड्यावर बसून सासूबाई रडल्या. मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडं वळल्या.

"म्या अडाणी बाई. तू तर शाळंत शिकवतीस. तू कामून गप बसलीस?"

मी संतापले. उलट बोलायला तोंड उघडलं, आणि आठवलं, डॉक्टरांपुढं मान मीच डोलावली होती.