काकांचा समुद्रघोडा

सिंदी रेल्वे या आमच्या गावात घरोघरी गायी-म्हशी असतील, पण डोक्यात घोडा पाळणारा माणूस एकच, आमचे घरमालक काका. आणि पाळणं म्हणजे कसं, खाणंपिणं, रपेट, झोप, सगळं वेळच्या वेळी.

झालं असं, की काकूंना विसर पडायला लागला. भाजीत मीठ दोनदा पडे, मागच्या गल्लीतून घर सापडेना. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवून सांगितलं, की दोन्ही कानांच्या आत खोलवर समुद्रघोड्याच्या आकाराचा एकेक भाग असतो. नवी आठवण आधी तिथं रुजते, वाटाही तोच ध्यानात ठेवतो, आणि काकूंचा तो सुकत चाललाय. गेलेलं परत येणार नाही, पण औषध, चालणं, पुरेशी झोप आणि माणसांची सोबत असली तर उरलेलं टिकायला मदत होईल. एवढं ऐकून काका परतले ते थेट माझ्या दारात. मी सातवीत शाळा सोडलेली, नवऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीपायी इतक्या लांब आलेली. पण कोकणातली, समुद्राकाठची. "पोरी, तू पाह्यला काय तो घोडा? कसा राह्यते तो?" मोठ्या माणसानं मला काही विचारावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. बोटाएवढा असतो, शेपटीनं गवताला धरून बसतो, लाट आली तरी सोडत नाही, असं मी सांगितलं. "धरून बसते ना? मंग झालं," म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून आमची कुणाची सुटका नाही. मला काळजी करायची खोडच. गॅस बंद केला का, आईचा फोन का आला नाही. "काऊन एवढी चिंता करून राह्यली वो? चिंतेनं घोडा वाळते," म्हणत ते मलाही फिरायला ओढून नेतात. रोज संध्याकाळी नवी गल्ली. जाताना काका पुढं, येताना काकू पुढं. काकू चुकल्या तर चुकायचं, मागून बोलायचं नाही. एकदा आम्ही तिघं भलत्याच घराच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. काकांनी शांतपणे पाणी मागितलं, जणू त्यासाठीच आलो होतो.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला तर कळस झाला. त्या दिवशी इथली मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात. काकांनी सुताराकडून समुद्रघोडा करवून घेतला. मी चित्र काढून दिलं होतं, पण सुतारानं जन्मभर बैलच घडवलेले. शेपटी तेवढी गुंडाळलेली, बाकी चार पाय आणि पाठीवर वशिंड.

"पाय काऊन लावले बे?"

"पायाबिगर उभा कसा राहीन, भाऊ?"

मग त्याला चाकं, ओढायला दोरी आणि गळ्यात घंटा लावून काका पोरांच्या रांगेत ताठ उभे. "आबा, हा कोनता बैल?" पोरं विचारत. "तुह्याच डोस्क्यात हाये तो. रातभर मोबाईल पाह्यशीन तर तो झोपीबिगर मरन."

परतताना नियमाप्रमाणे दोरी काकूंच्या हाती. चौकात ही गर्दी, डफड्यांचा दणदणाट, काकू थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले. माझं बोट आपोआप उठत होतं, ते मी पदरात गुंडाळलं. मग काकू वळल्या, बरोबर वळल्या, आणि घंटा वाजवत तो चार पायांचा घोडा आमच्या फाटकाशी आला. काकांनी तोंड फिरवून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

पायरीवर बसल्यावर काकूंनी मला निरखून पाहिलं. "तू कोनाची वो बाई?"

मी नाव सांगणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आपलीच व्हय."

"अस्सं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. "मंग हे धरून ठेवजो."

मी धरून बसले.