दाजींचा सापळा आणि आईचा राक्षस

दाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चहाने भरलेला कप डोक्यावर धरून त्याच्या बुडाला काय लिहिलंय ते वाचलं, खुर्चीचे चारही पाय हलवून पाहिले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू गेल्या शतकातल्या न सापडलेल्या सगळ्या चोऱ्या मीच केल्या असाव्यात. ताईने आपल्याशी लग्न का केलं, याचा तपास ते अजून करताहेत.

नोकरी व्हिडिओ गेमच्या कंपनीत. ज्या खेळाडूचं नेट रखडतं त्याच्यापुरतं खेळातल्या राक्षसाने हळू धावायचं, अशी सवलत होती; किती हळू, ते दाजी ठरवायचे. कवडीचुंबकाच्या हाती वाढप द्यावं, तशी ही नेमणूक. लोक सवलतीसाठी मुद्दाम नेट अडवतात, असा त्यांचा ठाम संशय. साहेब वैतागून म्हणाले, "एक तरी चोर पुराव्यासकट दाखवा, सवलत बंद करू. नाहीतर ही खुर्ची सोडा."

दाजींनी सापळा लावला. राक्षस दिसताच ज्याचं नेट अडखळेल, तो लबाड. पहिल्याच दिवशी ढीगभर लबाड सापडले. सगळ्यांत वर माझी आई.

रविवारी जावई दारात हजर.

"सासूबाई, राक्षस आला की नेमकं तुमचं नेट झोपतं."

"झोपतं खरं. मग तोही बिचारा दमानं घेतो. गुणी आहे."

"वायरीला हात कोण लावतं?"

"लागलीच तर केरसुणी."

"अहो, आधी पाणी तरी प्या," ताई म्हणाली. दाजींनी पेला उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

मग ते वायर मुठीत धरून जमिनीवर बसले आणि आई खेळू लागली. राक्षस आला, चित्र गोठलं. वायर जागची हलली नव्हती. त्यांनी आधी पंख्यावर संशय घेतला, मग माझ्यावर. पंखा बंद केला, मला दुसऱ्या खोलीत धाडलं. तरी तेच. शेवटी उजेड पडला. राक्षस येताना शेपटी, ज्वाळा, धूर असा सगळा लवाजमा नेटवरूनच आणतो आणि कमजोर नेट त्या ओझ्याखाली दबतं. सापळ्यातले सगळे चोर साव निघाले.

"म्हणजे कुणीच लबाड नाही?" दाजींनी मुठीतली वायर सोडत विचारलं.

"असेल हो एखादा," आई समजूत घालत म्हणाली. "धीर सोडू नका, जावईबापू."

सवलत राहिली. दाजींना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. आईने महिन्याभरात तो खेळ काढून टाकला. कॉम्प्युटरवर जागा कमी पडत होती.