वापरात नसलेली विहीर

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरी जाईल म्हणून, नंतर कोणी कागद उकरून काढेल म्हणून, आणि अलीकडे तर काही कारण नसतानाही. बायको होती तेव्हा तिलाही बोललो नाही. आता सत्तरी ओलांडली आहे. अंबरनाथच्या या दोन खोल्यांत माझ्याकडून कोणाला काही हवं आहे असं नाही. तेव्हा जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

मी पाणीपुरवठ्याच्या कामात ओव्हरसियर होतो. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. पर्यावरणाचे अहवाल तयार करणाऱ्या एका कंपनीत जागेवरच्या पाहणीचं काम मिळालं. बदलापूर स्टेशनालगत मोठा प्रकल्प येणार होता. घरं, दुकानं, बसचा तळ, सगळं स्टेशनला चिकटून, म्हणजे लोकांना गाड्या काढाव्या लागणार नाहीत. कल्पना मला पटली होती, आजही पटते. इमारतींखाली गाड्यांसाठी दोन मजली तळघर होतं. एवढं खोल खणायचं, तर आसपासच्या विहिरींचं काय होईल हे आधी बघावं लागतं. ते बघायला मला पाठवलं होतं.

प्रकल्पाच्या कुंपणामागच्या गल्लीत एक विहीर होती. मूळची आगरी वस्ती. शेतं केव्हाच विकली गेलेली, विहीर तेवढी राहिलेली. दगडी बांधणी, वर लोखंडी कप्पी. भर दुपार होती, काठावर कोणी नव्हतं. मी फोटो काढला, टेप सोडून पाण्याची पातळी घेतली. तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली.

"काय मोजताव, भाऊ?"

"पाणी मोजतोय, मावशी. सरकारी अहवालासाठी. ही विहीर वापरता का तुम्ही?"

"मंग काय शोभेला हाय? नलाला एक दिवस पानी, एक दिवस नाय. आख्खी गल्ली हिच्यावरच."

"पण कप्पीवर दोर नाही."

ती हसली. "दोर इथं ठेवला त पोरा झोकं बांधतात. जो तो आपला घेऊन येतं, आपला घेऊन जातं."

ती घरात गेली, खांद्यावर दोर आणि हातात कळशी घेऊन आली. मी नको नको म्हणत असताना तिने पाणी शेंदलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला. मी उभ्या उभ्या दोन तांबे प्यालो. पाणी गोड होतं. या पाण्यात डाळ दोन शिट्यांत शिजते, ती सांगत होती. घरात कोणी बाळंत झालं की बारा दिवसांनी बाईला पहिलं इथेच आणतात, विहिरीला हळदकुंकू वाहायला. "धाकट्याचं लगीन झालाय औंदा. बघू," असं म्हणून तिने दोर पुन्हा गुंडाळला.

मी वहीत लिहिलं : विहीर वापरात, पिण्यासाठी.

चार दिवसांनी आमच्या तरुण साहेबांनी मला बोलावलं. स्क्रीनवर माझा फोटो होता.

"काका, हिला वापरात लिहिलं तर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजणी. फाईल अडकणार. फोटोत दोर कुठाय?"

"दोर घरी नेतात ते."

"ते फोटोत दिसतं का?"

मला कोणी धमकावलं नाही, काही देऊ केलं नाही. या वयात कामाला ठेवलंय, उगाच अडून बसणारा म्हातारा नको ठरायला, एवढंच डोक्यात होतं. तक्ता मीच दुरुस्त केला. 'वापरात नाही.' खाली सही केली. मी नोंद तशीच ठेवली असती तर प्रकल्प रद्द झाला नसता. फार तर एक अट पडली असती, तळघराचा एक मजला कमी झाला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

जनसुनावणी स्टेशनजवळच्या एका मंगल कार्यालयात झाली. अहवालाचा सारांश मराठीत वाटला होता. म्हातारी आली होती. तिच्या नातीने तिला ती ओळ वाचून दाखवली असावी. माइक हातात आला तशी ती सरळ माझ्याकडे वळली.

"यात लिवलाय आमची हीर वापरात नाय. मंग ह्या भाऊंनी पानी कुठला पिला? दोन तांबे पिला. भाऊ, सांगा की."

अध्यक्ष अधिकाऱ्यांनी विचारलं, पाहणी कोणी केली? मी उभा राहिलो.

"पाहणीच्या वेळी विहिरीवर दोर किंवा पंप आढळला नाही," मी म्हणालो.

मागून कोणीतरी ओरडलं, "साहेबाचे डोक्यावर केस नाय, म्हंजे डोका पन वापरात नाय का?" सगळा हॉल हसला. मीही हसल्यासारखं केलं. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग माइक परत देत म्हणाली, "बसा, साहेब."

त्या दुपारी विहिरीवर मी भाऊ होतो.

खोदकाम सुरू झालं. खड्ड्यात साठणारं पाणी पंप लावून नाल्यात सोडत होते, महिनोन्महिने. उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरीचा तळ दिसला. मी नोकरी सोडली, पण त्याने काय होणार?

पुढच्या वर्षी मी तिच्या घरी गेलो. ट्रेनमध्ये वाक्य घोकत होतो. तिने ओळखलं, खुर्ची दिली. दारात निळं पिंप होतं आणि पिंपाच्या अंगावर हळदकुंकवाची बोटं उठलेली होती. आत बाळ रडत होतं. मी पिंपाकडे बघतोय हे पाहून ती म्हणाली, "सून बालंत झाली. कुठंतरी वाहायला पायजेल ना."

मग तिने तांब्या आणला. "टँकरचा हाय, साहेब. चालंल ना?"

मी प्यालो. बाळाची चौकशी केली, तिच्या गुडघ्यांची केली. मग उठलो. गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं थांबलो आणि स्टेशनकडे चालू लागलो.

गेल्या थंडीत ती गेली. गल्लीजवळ चहाची टपरी आहे, तिथे कळलं. ट्रेनमध्ये घोकलेलं वाक्य मोठं नव्हतं. मावशी, त्या दिवशी मी तुमच्या विहिरीचं पाणी प्यालो होतो, आणि सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा.