डाव्या बाजूचा डबा

मोटरसायकलला डबा जोडून विकणारं दुकान आपल्या यवतमाळात असू शकतं, यावर माझाही आधी विश्वास बसला नव्हता. पांढरकवडा रोडला, गिट्टीच्या ढिगाऱ्यांपलीकडे टिनाचं एक शेड आहे आणि तिथं फक्त साईडकारवाल्या गाड्या मिळतात, ही बातमी मी घरी आणली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही आणलेली बातमी हाय. पाह्यल्याशिवाय कशी खरी मानू?"

तिचं चुकत नव्हतं. शिकायला घेतलेली कार शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनात घालणारा मीच, आणि खाली उतरून त्या आडव्या तुळशीला नमस्कार करणाराही मीच. तेव्हापासून चारचाकीचा विषय आमच्या घरात निघत नाही. राहिली मोटरसायकल. तर बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मागच्या सीटवर बसणं डॉक्टरांनी कायमचं बंद करून टाकलं.

यात एवढं काय गेलं, असं कोणी म्हणेल. कळंबला तिची मोठी बहीण राहते, तिथं ऑटोनंही जाता येतं. पण मोटरसायकलवर ती माझ्याशी बोलायची. घरात आम्ही अबोला धरून असतो असं नाही, पण घरातलं बोलणं म्हणजे नळ आला, सिलेंडर संपलं, दाराची कडी लावा. गाडीवर ती हेल्मेटच्या कडेला तोंड आणून मनातलं सांगायची. अर्धं वाऱ्यावर जायचं, अर्धं मला मिळायचं. ऑपरेशननंतर ते अर्धंही बंद पडलं होतं. मला ते परत पाहिजे होतं. साईडकार घ्यायची, तिला शेजारी बसवायचं, आणि कळंबपर्यंत ऐकत जायचं. अर्थात हे काही मी तिला सांगितलं नाही. तिला सांगितलं, गाडीचा मायलेज चांगला आहे.

तिनं एकच अट घातली. "तिथं जाऊन खर्रा खाचा नाही."

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत बांधून तळहातावर घासत बसायचं, आणि मग तो लगदा गालात धरून दिवसभर जग रंगवत फिरायचं, याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. मी तो सोडलेला होता. म्हणजे घरात.

ऑटोतून उतरलो आणि पहिल्यांदा वासच आला. ओला स्पंज, जुनं इंजिन ऑइल, सडलेला झेंडू आणि या सगळ्यावर शिंपडलेलं फिनेल. शेडमध्ये सात-आठ जुन्या गाड्या उभ्या, प्रत्येकीच्या डाव्या अंगाला एकेक डबा. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी या गाड्या भाड्यानं नेतात, हे आम्हाला तिथं कळलं. एका डब्यात त्या फोटोंचा गुलाब पाकळ्यापाकळ्यांनी काळा पडून चिकटला होता. दुसऱ्यात केकचं क्रीम होतं आणि त्या क्रीममध्ये मुंग्यांची एक अख्खी वसाहत मरून पडली होती. तिसऱ्यात हात घातला तर बोटांना लांब केस लागले. कोणाचे, ते विचारायची हिंमत झाली नाही.

विकणारा माणूस तिशीतला. शर्टाला कडक इस्त्री, दात कत्थई. हातातली पन्नी घासायचं न थांबवता म्हणाला, "या ना जी सर! बसा काकू. पाणी घ्या." पाणी आलं ते ग्लासात त्याचं बोट बुडवूनच. काकूंनी ग्लास घेतला आणि बाजूच्या कुंडीत ओतला. कुंडीतलं झाड आधीच मेलेलं होतं, म्हणून बरं.

शेडच्या चारी भिंतींना कमरेपर्यंत देवांच्या टाइल्स लावलेल्या होत्या. सगळ्या धर्मांचे देव, एकाही कोपऱ्याला सूट नाही.

"भिंत पाहा सर," तो अभिमानानं म्हणाला. "एक थेंब नाही. आधी पाह्यली असती तं वांती झाली असती तुमाले."

भिंत खरोखर स्वच्छ होती. पण बायको भिंतीकडे पाहतच नव्हती. ती डब्यांत डोकावत होती. प्रत्येक डब्याच्या आत, सीटवर, पाय ठेवायच्या जागेत, लालसर-तपकिरी ओघळ सुकलेले होते. काही जुने, काही फार जुने नव्हते.

"हे कायचे डाग होय?"

"गंज असन, काकू."

"गंज सीटले लागते का जी? अन् तोही वरून खाली वाहते?"

त्यानं पन्नी घासणं क्षणभर थांबवलं. "आता तुमच्यापासून काय लपवू. देव लावले म्हणून भिंतीवर कोणी थुकत नाही. मंग लोक कुठं थुकतीन? अन् ट्रायलले गेला का माणूस विसरूनच जाते. आपल्याले सवय डाव्या अंगाची. डावीकडं रस्ता हाय असं समजते अन् मारते पिचकारी. डबा असते तिथं."

मला किळस आली. आणि किळस आली की मला भाषण सुचतं. आपली माणसं कधी सुधारणार नाहीत, देवाला भितात पण माणसाच्या बसायच्या जागेची त्यांना लाज नाही, ज्या डब्यात उद्या कोणाची आई बसेल, कोणाची बायको बसेल, असं मी बराच वेळ बोललो. तो मान डोलावत ऐकत राहिला. "बरोबर हाय सर. म्हणूनच मी म्हणतो, मरून रंगाच्या सीटवालं घ्या. हेच जास्त चालते." मरूनच का चालते, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी भाषणात होतो.

तेवढ्यात बायको त्यातल्या त्यात स्वच्छ डबा शोधायला शेडच्या टोकाला गेली, आणि त्यानं घासून झालेली पन्नी उघडून माझ्यापुढे धरली. आमच्याकडे ताज्या पन्नीतली पहिली चिमूट पाहुण्याची असते. नाही म्हटलं तर सौदा तिथंच मोडतो, भावात तर एक पैसा कमी होत नाही. मी चिमूट घेऊन गालात ठेवली. केवळ व्यवहार म्हणून. तो म्हणाला, "राहू द्या सर, पन्नीच ठेवा." ती मी खिशात ठेवली. तीही व्यवहार म्हणूनच.

बायकोनं निवडलेला डबा फिनेलच्या फडक्यानं पुसून झाला, वर वर्तमानपत्र अंथरलं. आत चढायला प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. विकणाऱ्यानं मदतीला हात पुढे केला, तर तिनं तो हात नीट पाहिला आणि माझा खांदा धरला. टेकत टेकत ती आत बसली. अंगावर कळंबच्या बहिणीनं घेतलेली मोतिया रंगाची साडी. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, माझ्या आधी.

"अहो, हे तं पाटावर बसल्यासारखं हाय. डॉक्टरनं पाटावर बसाले नाई म्हटलं ना? मी उठीन कशी?"

ज्या गुडघ्यासाठी हा सगळा खटाटोप, तो गुडघा जमिनीपासून वीतभरावर नेऊन ठेवायची गाडी मी शोधून काढली होती. तोंड भरलेलं असल्यानं मी फक्त हातानं दाखवलं, की उठायचं नंतर पाहू.

ट्रायलला निघालो. डब्याची गाडी वळणावर कलत नाही, हँडल ओढून वळवावी लागते. मी सवयीनं कलायचो आणि गाडी आपली सरळ गिट्टीच्या ट्रककडे. दोनदा वाचलो. मग रस्ता सरळ लागला, दोन्हीकडे तुरीची शेतं, आणि खालून, डाव्या अंगानं, आवाज आला.

"ऐका ना. ताईले आधी सांगूच नका. आपण एकदम दारात जाऊन हॉर्न वाजवू. लहानपणी ताई सायकल शिकली अन् मले दांडीवर बसवून गावभर फिरवलं होतं, बाबा ओरडले तं मार तिनंच खाल्ला. आता मी तिले यात बसवीन. तुम्ही फिरवान ना दोघीले?"

याच्यासाठीच तर सगळं केलं होतं. वारा एक शब्दही नेत नव्हता. अर्ध्याच्या जागी पूर्ण मिळत होतं. मला लगेच म्हणायचं होतं, फिरवतो, दोघींना कळंबभर फिरवतो. पण बोलायचं तर आधी तोंड मोकळं करायला पाहिजे. मी घाईघाईनं डावीकडे मान वळवली आणि तोंड मोकळं केलं.

आणि म्हणालो, "फिरवतो ना."

खाली पाहिलं. मोतिया साडी, खांद्यापासून मांडीपर्यंत. चष्म्याच्या एका काचेवरून एक ओघळ सावकाश हनुवटीकडे निघाला होता. ती समोर पाहत होती. ती उठूही शकत नव्हती, उतरूही शकत नव्हती, कारण उठायचं आपण नंतर पाहणार होतो. गाडी वळवून शेडपर्यंत मी तिला तशीच घेऊन आलो. किळस मला आयुष्यात पुष्कळांची आली आहे, पण शेजारी कोणी किळसवाणा माणूस बसला तर आपण निदान सरकून तरी घेतो. इथं गाडी चालवणारा मीच होतो.

शेडच्या दारात विकणाऱ्यानं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, ते मला फार लागलं.

"होते सर असं. सगळ्यायचंच होते," तो समजुतीनं म्हणाला. "मरून घ्या. दिसत नाई."

मी हात पुढे केला. तिनं तो नीट पाहिला. मग त्या विकणाऱ्याचा हात धरून उठली, स्टुलावर पाय ठेवला आणि नळ कुठे आहे विचारलं.

परतीच्या ऑटोत ती उघड्या बाजूला बसली आणि मला दांडी लावलेल्या बंद बाजूला बसवलं. साडी धुतली होती. डाग पसरून मोठा झाला होता. तिनं माझ्यापुढे हात पसरला.

"पन्नी द्या."

"कोणती पन्नी?"

हात तसाच. मी पन्नी दिली. मला वाटलं फेकेल. तिनं ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

"रविवारी कळंबले जाऊ. ऑटोनं. ही साडी धुवाची नाई आता, अशीच घेऊन जाईन. साडी समोर ठेवीन, ही पन्नी समोर ठेवीन, तुमाले समोर बसवीन, अन् ताईले सगळं सांगीन."

आणि तिनं सुरुवात केली. ताईला कसं सांगायचं, आधी टाइल्सचं की आधी तुमच्या भाषणाचं, "कोणाची बायको बसेल" हे म्हणताना तुम्ही बोट कसं वर केलं होतं. ऑटोचा आवाज मोठा, म्हणून माझ्या कानापाशी तोंड आणून सांगत होती. मी मान हलवत ऐकत होतो. गालात सुपारीचा एक चुरा राहिला होता. माझ्या बाजूला दांडी, दुसऱ्या बाजूला ती. गिळला.