बेचाळीस अंशांची चाचणी

मैत्री भालेराव खऱ्या विमानात कधीच बसली नव्हती. पुण्याजवळ माणच्या एका कंपनीत ती चार वर्षं वैमानिकांना शिकवायच्या सिम्युलेटरची चाचणी घेत होती. म्हणजे खोट्या कॉकपिटमध्ये बसून खोटं विमान उडवायचं आणि ते खऱ्यासारखं वागतंय का, ते तक्त्याशी ताडून बघायचं. कॉकपिटचं दार बंद झालं, खुर्ची हलायला लागली, की तिच्या तळहातांना अजूनही घाम सुटायचा.

या वेळचं यंत्र एका इंजिनाच्या, नाकावर पंखा असलेल्या टर्बोप्रॉप विमानाचं होतं. त्यात उजव्या हाताशी एक दांडा असतो. तो पुढे सारला की इंजिनाची ताकद वाढते आणि समोरचे दोन काटे चढतात. एक पंखा फिरवणाऱ्या जोराचा, म्हणजे टॉर्कचा, आणि दुसरा इंजिनाच्या आतल्या तापमानाचा. विमान वर जाऊ लागलं की हवा विरळ होते, टॉर्क उतरतो. वैमानिक दांडा आणखी पुढे सारतो आणि मग तापमान लाल रेषेकडे सरकतं. तिथे हात आवरायचा असतो. नाही आवरला तर आतली पाती भाजून निघतात. आणि इंजिन एकच.

एप्रिलमधला शुक्रवार होता. सोमवारी यंत्र गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. वीसपैकी एकोणीस चाचण्या झाल्या होत्या. विसावीत जमिनीवरचं तापमान बेचाळीस अंश धरायचं होतं.

बारा हजार फुटांवर मैत्रीने दांडा पुढे सारला. तापमानाचा काटा चढला आणि लाल रेषेच्या अलीकडेच थांबला. तिने दांडा पार टोकाला नेला. काटा जागचा हलला नाही. धोक्याचा भोंगा वाजला नाही. विमान आपलं मजेत वर चाललं होतं. मैत्रीने मात्र चाचणी तिथेच थांबवली.

ती बाहेर आली तेव्हा प्रोजेक्टचा प्रमुख निरंजन दाराशीच उभा होता.

"सर, तापमान वाढतच नाहीये."

"मग चांगलंच आहे की."

"वाढायला हवं, सर. तक्त्याप्रमाणे लाल रेषा ओलांडायला हवी."

"मैत्री, बेचाळीस डिग्रीत कोण ट्रेनिंग घेतंय? पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. आज सही कर."

मागच्याच महिन्यात तिच्या टीममधल्या तिघांना घरी बसवलं होतं. निरंजनने तो विषय काढला नाही, काढायची गरजही नव्हती. मैत्रीने सही केली.

कंपनीची कॅब हिंजवडीच्या चौकात पाऊण तास अडकली. सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. मैत्रीला कुणीतरी न पाहिलेला मुलगा दिसत राहिला. आपल्या यंत्रावर शिकलेला. दांडा टोकाला नेला तरी काही होत नाही, ही सवय हाताला लागलेला. मग उन्हाळ्याच्या दुपारी खऱ्या विमानात, मागे माणसं बसलेली, खाली डोंगर. तिने खिडकीची काच खाली केली.

रावेतच्या घरी वडील, भीमराज, एकटेच होते. चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. मुलगी चपला न काढता सोफ्यावर बसलेली बघून त्यांनी टीव्ही बंद केला.

"काय झालं गं?"

तिने सांगितलं. त्यांना दांडा-काटा कितपत कळलं कोण जाणे.

"एकदा मी क्रेनची साखळी न बघता ओके लिहिली होती," ते म्हणाले. "शिफ्ट सुटत होती. काही झालं नाही, बाळा. कुणाला कळलंही नाही. पण पुढचे पंधरा दिवस मी त्या क्रेनखालून गेलो नाही. दुसरे जात होते आणि मी बघत होतो."

"मग?"

"मग दुसऱ्या कुणीतरी साखळी बदलली. मी तोंड उघडलंच नाही. त्याची लाज अजून वाटते."

मैत्रीने तिथूनच यशवंतरावांना फोन लावला. ते निवृत्त वैमानिक, कंपनीचे सल्लागार. उद्या एक उड्डाण करून बघाल का, एवढंच ती नाव न सांगता इतक्या घाईने बोलली की त्यांनी दोनदा विचारलं, "कोण बोलतंय?"

शनिवारी सकाळी ते आले. मैत्रीने कळवल्यावर निरंजनही आला, चेहरा ताठ करून. मैत्रीने काहीच न सांगता यशवंतरावांना बेचाळीस अंशांचं उड्डाण करायला दिलं. त्यांनी सराईतपणे दांडा सारत नेला. यंत्राने तक्रार केली नाही. मिनिट गेलं, तीन मिनिटं गेली. ते खिडकीतल्या खोट्या ढगांकडे बघत होते. एकदम त्यांची नजर खाली आली. दांडा टोकाला होता.

त्यांनी हात झटकन काढून घेतला. "मी बघितलंच नाही," ते पुटपुटले. "तीन मिनिटं. मी."

मैत्रीने निरंजनसमोर सही मागे घेतल्याचा मेल पाठवला.

चूक साधी निघाली. यंत्रात तक्त्यातले आकडे अडतीस अंशांपर्यंतच भरले होते. त्यापुढे यंत्र अडतीसचाच आकडा पुन्हा पुन्हा वाचत होतं. दुरुस्तीला नऊ दिवस लागले. गिऱ्हाइकाने कडक पत्र पाठवलं. नोकरी राहिली, पण पुढच्या प्रोजेक्टच्या यादीत मैत्रीचं नाव नव्हतं.

दहाव्या दिवशी तिने विसावी चाचणी पुन्हा घेतली. बारा हजार फूट, दांडा पुढे. काटा चढला, लाल रेषेला भिडला, ओलांडून गेला. भोंगा किंचाळला आणि ती इतकी दचकली की गुडघा पॅनेलवर आपटला. दोन्ही हातांनी तिने दांडा मागे ओढला. काटा खाली यायला किती वेळ लागला ते तिला नंतर नोंदीत बघावं लागलं. त्या क्षणी ती फक्त मोठ्याने म्हणत होती, "ये खाली, ये, ये."