आखूड दोर

“घागर पाण्याला लागली तर तंगडं मोडीन,” पाटील म्हणाला आणि दोर माझ्या पायाशी फेकला. हातात कसा देणार? विटाळ होतो ना!

मी नवी सून. वणीच्या वाटेवरचं आमचं गाव. आम्हा महारांना आडावर चढायची बंदी. खाली घागर मांडून बसायचं, कुणाला दया आली तर वरून ओतणार. तेवढ्यात सरकारनं हुकूम काढला, सरकारी पैशानं बांधलेला आड सगळ्यांना खुला. हुकूम पाळतात का ते बघायला नाशकाहून साहेब येणार होता. मग गावानं सोंग काढलं. महारांच्या एका बाईनं साहेबासमोर आडावर चढायचं, आखूड दोरानं घागर सोडायची, रिकामीच वर ओढायची आणि भरल्यासारखी वाकत कमरेवर घेऊन उतरायचं. साहेबही खूश, पाणीही बाटायचं नाय.

“सूनबाई, ऐक गं,” मामंजी म्हणाले. “आपल्याला इथंच जगायचं हाय.” शेजारच्या गावात तोंड उघडलेल्यांची घरं जळताना त्यांनी पाहिली होती.

साहेब आला. आपल्याच देशातला, गोरा नव्हे. लिंबाखाली खुर्चीवर बसला. मी चढले. खाली पाण्यात माझं तोंड दिसलं. त्यानं काय पाणी बाटलं नाय.

घागर ओढली, कमरेवर घेतली, वाकले. बाया पदराआड हसल्या. पाटलीण म्हणाली, “अगं बाई, तमाशात शोभंल की!” माझ्या अंगाची आग आग झाली. भीती होतीच, पण लाज तिच्या वरचढ झाली.

“मिळालं ना पाणी?” साहेबानं विचारलं.

“मिळालं, मायबाप,” मामंजी म्हणाले.

मी साहेबापुढं घागर उपडी केली. थेंब पडला नाय.

“रिकामी हाय, सायेब. दोरच आखूड दिलाय.”

साहेबानं पाटलाकडं पाहिलं. रुमालानं तोंड पुसलं. “गावात सलोखा ठेवा,” म्हणाला आणि टांग्यात बसला. झालं सरकार! टांगा वळला तसं मला कळलं, आता आपलं कुणी नाय.

पाटलाच्या माणसांनी मामंजींना गुरासारखं मारलं. वाण्यानं पीठमीठ बंद केलं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्यांच्या पाठीला हळद लावत मला शिव्या देत होत्या, “अवदसा आली घरात!” मला वाटलं, आता माहेरी हाकलतात.

मामंजी कण्हत म्हणाले, “तिला बोलू नको. मार दुखतोय, पण ‘मिळालं’ म्हणालो ना, त्ये जास्त दुखतंय.”

त्या दिवशी मी ठरवलं. आजही सांगताना हात गार पडतात, भ्याले नव्हते असं खोटं कशाला सांगू? पण ठरलं ते ठरलं: सरकारनं हुकूम दिला, पाणी नाय दिलं. ते आमचं आम्ही काढणार. रोज काढणार. मारायचं असंल तर आडावरच मारा.